पहिले धनुष्य ओढायला हलके असेच घ्या

संपादक महोदय,

२०२३ मध्ये साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे बर्लिनमध्ये जगज्जेते झाले. ते पाहून मुलांसाठी धनुष्य घ्यायला निघालेल्या पालकांनी एक फरक ध्यानात घ्यावा. त्या दोघांचे कंपाउंड धनुष्य पूर्ण ओढले की चाकांमुळे हातावरचा बराचसा भार उतरतो. बांबूच्या किंवा लाकडाच्या साध्या धनुष्यात मात्र जितके ओढाल तितका भार वाढतच जातो. म्हणून पहिले धनुष्य ओढायला हलकेच हवे.

ओढण्याचा हा भार पाउंडांत मोजतात. धाकट्या मुलांना १२ ते १६ पाउंड, मोठ्यांना २० ते २५ पाउंड पुरे. धनुष्यावर लिहिलेले पाउंड सहसा दोरी २८ इंचांपर्यंत ओढल्यावरचे असतात. दोन्ही हात पसरून बोटांच्या टोकांमधले अंतर इंचांत मोजा आणि अडीचने भागा. साधारण तीच आपली ओढ. ६५ इंचांवर ती २६ येते, म्हणजे २४ पाउंडांचे धनुष्य हाती सुमारे २० पाउंडांचे लागते. पूर्ण ओढून दहा सेकंद न थरथरता धरता आले नाही, तर ते जड आहे. जड धनुष्याने खांदा कानाकडे चढतो, दोरी ओठांच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचत नाही, बोटे झटक्याने सुटतात. या खोडी एकदा जडल्या की मोडायला कित्येक महिने जातात.

बाणही मापाचाच हवा. पूर्ण ओढल्यावर तो धनुष्यापुढे दोनेक इंच उरला पाहिजे. आखूड बाण आत सरकून थेट हातात घुसू शकतो. मुठीवरून किंवा धनुष्याच्या लाकडी खाचेवरून सोडायचा असेल तर पिसांचाच घ्या. प्लास्टिकचे पंख तिथे आपटतात आणि बाण भरकटतो.

पहिले दोन आठवडे पाच मीटरवर, वर्तुळांचा कागद न लावता, नुसत्या गवताच्या गठ्ठ्यावर मारा. एक बोट बाणाच्या वर, दोन खाली, दोरी पहिल्या पेराच्या खाचेत. धनुष्य धरलेली मूठ आवळू नका. आवळली की कोपर आत वळतो आणि दोरी मनगटाच्या वर सपकन बसते. आर्मगार्ड, म्हणजे त्या हाताला बांधायचा संरक्षक पट्टा, लागतोच, पण वारंवार मार बसत असेल तर चूक हात धरण्यात आहे. लांब पल्ल्याची घाई नको. ३० आणि ५० मीटरचा इंडियन राउंड, म्हणजे साध्या धनुष्याचा भारतीय स्पर्धाप्रकार, नंतर आहेच.

बाण न लावता दोरी कधीही सोडू नये. बाणाला मिळायची ताकद धनुष्याच्याच अंगावर येते आणि बांबू चिरतो. सराव संपला की दोरी उतरवा, धनुष्य उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. कार्बनचे बाण दर फेरीआधी वाकवून कान देऊन ऐका. कट्ट आवाज आला तर तो बाण बाजूला काढा. बाण काढायला सगळ्यांनी एकदमच जावे. एक तळहात लक्ष्यावर दाबून, बाण लक्ष्यालगत धरून सरळ मागे ओढावा. त्या वेळी पाठीमागे कोणी उभे नसावे, विशेषतः लहान मूल.

— धनुर्विद्येचे काही प्रशिक्षक