फोटो बारा, निरोप एकही नाही

महोदय,

पाळणाघराच्या दारात मूल सोडताना मिळणारी दोन-तीन मिनिटे हाच बहुतेक पालकांचा तेथील ताईंशी होणारा संवाद असतो, आणि नेमक्या त्याच वेळी दोन्ही बाजू घाईत असतात. मध्यंतरी माझ्या मुलीला ताप होता. सकाळी सातला पॅरासिटामॉल दिल्याचे मी दारातल्या ताईंना सांगितले. पण त्यांची पाळी बदलली आणि निरोप त्यांच्याबरोबरच गेला. नऊ वाजता दुसऱ्या ताईंना तिचे अंग गरम लागले. या औषधाच्या दोन मात्रांमध्ये किमान चार तासांचे अंतर लागते. नशिबाने बाटली उघडण्याआधी त्यांनी मला फोन केला.

त्याच दिवशी व्हॉट्सॲप गटावर मात्र बारा फोटो आले होते! फोटो हवेतच, पण मूल किती झोपले, शेवटचे लंगोट कधी बदलले, दंडावर चावल्याची खूण कशी उमटली, हे त्यांतून कळत नाही, आणि चावल्याची गोष्ट तर गटावर नव्हे, त्या पालकांशी स्वतंत्रपणेच बोलायला हवी.

पालकही यात निर्दोष नाहीत. घर बदलले, आजी रुग्णालयात आहे, रात्रभर झोप झाली नाही, हे आपण सांगत नाही आणि मूल दिवसभर का रडले, असे संध्याकाळी विचारतो. औषधाचे नाव, मात्रा, वेळ आणि देणाऱ्याची सही एवढे लिहिण्यापुरती प्रत्येक मुलामागे एक साधी वही दाराशी ठेवावी, आणि पाळी बदलताना ती वाचूनच पुढच्या ताईंनी काम हाती घ्यावे, अशी पाळणाघरचालकांना विनंती आहे.

– एक पालक