भोपळ्याची बी जागेवरच लाव

कुडाळ,
१७ मे

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू म्हणालास, नाशिकच्या घरामागची जागा आता साफ झाली, पाऊस पडला की रोपवाटिकेतून लाल भोपळ्याची चार रोपं आणतो. मी "थांब, लिहितो" म्हटलं, कारण फोनवर ते सांगून झालं नसतं. शिवाय या पाकिटातून तुला काहीतरी पाठवायचंही होतं.

रोपं आणू नकोस. निदान पावसाळ्यात तरी नको. वेल जिथे वाढवायचा, तिथेच बी टोक, म्हणजे मातीत खोच.

तीन वर्षांपूर्वी मीही हीच घाई केली होती. आपण बिया लावायच्या, त्या कधी रुजणार, त्यापेक्षा महिनाभराचं काम झालेलं विकत मिळतंय तर घ्यावं, असं वाटलं. चार रोपं आणली. पाच-पाच पानांची, हिरवीगार. कपातून काढली तर तळाशी मुळ्यांचा गुंता, शेवयांसारखा. तो सोडवताना बऱ्याच मुळ्या तुटल्या. परड्यात वेलासाठी खणलेले दोन खड्डे, म्हणजे आळी, रिकामी होती, त्यांत त्याच दिवशी घरच्या भोपळ्याच्या बिया टाकल्या. मृग चांगला लागला. सहाव्या दिवशी दोन जाड बीजदलं, म्हणजे बीतली पहिली पानं, माती उचलून वर आली. रोपं मात्र जिथल्या तिथे. खालची पानं पिवळी पडली, एक रोप मेलंच. नागपंचमीला बियांचे वेल मांडवावर पसरले होते आणि उरलेली तीन रोपं अजून काठीशी घुटमळत होती. दसऱ्याला घारगे झाले ते बियांच्या वेलाच्या भोपळ्याचे.

असं का झालं ते मला नंतर कळलं, आणि कळल्यावर त्या रोपांचं फार वाईट वाटलं. वांगी, मिरची, टोमॅटो यांची मुळी तुटली तर बाजूनं नव्या फुटतात. त्यांची रोपं करूनच लावायची. भोपळा, दुधी, दोडका, काकडी या कुळाचं तसं नाही. वर दोन पानं दिसतात तेव्हा खाली सोटमूळ कितीतरी खोल गेलेलं असतं, आणि ते एकदा दुखावलं की जखमेची जागा बुचासारखी होते, पाणी ओढत नाही. वर पाच पानांची तहान आणि खाली अर्ध्याच मुळ्या. रोप वाढणं सोडून नुसतं जगायच्या खटपटीला लागतं. म्हणजे मी पैसे देऊन जो महिना विकत घेतला, तो रोपानं सावरण्यातच घालवला.

तू असं कर. आत्ताच दोन आळी खणून ठेव, एकमेकांपासून सात-आठ फुटांवर, हातभर रुंद, हातभर खोल. दोन पाट्या कुजलेलं शेणखत मातीत मिसळून भर, आणि मधला भाग जरा उंच ठेव म्हणजे पाणी साचणार नाही. पहिला चांगला पाऊस झाला की रात्रभर भिजवलेल्या बिया टोक, एका आळ्यात चार, बोटाच्या एका पेराएवढ्या खोल. चारही रुजल्या तरी दोनच ठेवायच्या. नको असलेली रोपं उपटू नकोस, शेजारच्याचीही मुळं हलतात. कात्रीनं बुडाशी काप.

बी लावण्यात धोका नाही असं मी म्हणणार नाही. उंदीर बी उकरून खातात. आमच्याकडे गोगलगाई कोंब कुरतडतात, म्हणून मी आळ्यावर रात्री टोपली पालथी घालतो. आणि तांबडे भुंगे! बीजदलांची चाळण करतात. सकाळी लवकर ते सुस्त असतात, तेव्हा हातानं वेचायचे आणि ओल्या पानांवर चुलीची राख भुरभुरायची. हे पंधरा दिवस मी रोज पहाटे परड्यात असतो. वेल पाच-सहा पानांचा झाला की भुंगे त्याचं फारसं काही बिघडवू शकत नाहीत.

उन्हाळी वेलांसाठी मात्र तुझं गणित माझ्याहून वेगळं. त्यांची लावणी जानेवारीतली, आणि तेव्हा तुमच्याकडे पारा १० अंशांच्या खाली जातो. जमीन इतकी गार असली की बी रुजण्याऐवजी कुजते. तेव्हा रोप कर, पण घरीच, आणि पळसाच्या पानांच्या द्रोणात. द्रोणात माती आणि शेणखत, एकेक बी, दिवसा उन्हात, रात्री घरात. बीजदलं सोडून दुसरं खरं पान उघडलं की तळ किंचित फाडून अख्खा द्रोणच आळ्यात पुर. द्रोण मातीत कुजून जातो आणि मुळीला हातसुद्धा लागत नाही. तिसऱ्या-चौथ्या पानाची वाट बघू नकोस. तीन आठवड्यांच्या वर रोप द्रोणात राहिलं की माझ्या त्या कपांसारखीच गत. थंडीत मी नाशिकला असतो तर हेच केलं असतं.

आणखी एक. सुरुवातीला नुसतीच फुलं येतील आणि गळतील. ती नर फुलं, घाबरू नकोस, थोडी तोडून भजी कर. मागे इवलासा भोपळा असलेलं फूल दिसलं की ती मादी. त्या दिवशी सकाळी मधमाशा दिसल्या नाहीत तर नर फुलाच्या पाकळ्या काढून त्याचा पराग तिच्या मध्यावर हलकेच टेकव. दुपारी फूल मिटतं, मग उपयोग नाही.

पाकिटात कागदाच्या पुडीत बारा बिया आहेत. त्याच वेलांच्या वाणाच्या, गेल्या दसऱ्याच्या भोपळ्याच्या, आईनं धुऊन राखेत घोळून सावलीत वाळवलेल्या. आठ टोक. चार ठेवून दे. उंदरांनी दगा दिलाच तर पावसाळा हातात असताना पुन्हा लावता येतील. कोंब वर आला की त्या दिवशीच फोन कर, आई विचारत राहील.

वहिनींना नमस्कार.

तुझाच,
कुडाळकर दोस्त