किल्ल्या परत करणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,
स. न. वि. वि.

नाव लिहायचं नाही ही तुमची अट पाळतो आहे. आभार मानायचे नाहीत असं मात्र तुम्ही कुठे म्हणाला नव्हता, म्हणून हे पत्र चारचौघांसमोर लिहितोय.

आमचं काम दूध संस्थांच्या हिशेबाचं. दहा दिवसांचं बिल निघतं त्या सकाळी गावोगावचे सचिव एकाच वेळी लॉगिन करतात आणि नेमकी त्याच सकाळी साइट पडली. जो उघडेल त्याला ५०२, म्हणजे मागच्या सर्व्हरकडून नीट उत्तर नाही, ही एरर. मशीनमध्ये शिरून पाहिलं तर ॲप्लिकेशन ठणठणीत, विचारलं की लगेच उत्तर देतंय. येणाऱ्या रिक्वेस्ट मशीनांवर वाटून देणाऱ्या लोड बॅलन्सरच्या लेखी मात्र एकूण एक बॅकएंड, म्हणजे मागची मशीन, अनहेल्दी. इकडे सचिवांचे फोन, आणि त्यांच्या दारात पैशासाठी उभी असलेली दूध घालणारी माणसं.

ज्यांनी हे सगळं गूगल क्लाउडवर टेराफॉर्ममध्ये (कोड लिहून सर्व्हर उभारायचं साधन) उभं करून दिलं त्यांना आधी फोन केला. नाव घेत नाही, पण बिल त्यांनी वेळेवर लावलं होतं एवढं आठवतं. ते म्हणाले, "तुमचं ॲप्लिकेशन जड झालंय, मोठी मशीन घ्या." पुन्हा फोन केला तर म्हणे सोमवारी बोलू.

मग ओळखीच्या ओळखीतून तुमचा नंबर मिळाला. घाबरलेला माणूस करतो तेच मी केलं, लगेच ॲडमिन ॲक्सेस देऊ लागलो. तुम्ही म्हणालात, "नको. किल्ल्या तुमच्याकडेच राहू द्या. कीबोर्डवर कोण बसलंय?"

बसला होता आमच्याकडे नुकताच लागलेला मुलगा. त्याला तुम्ही प्लॅन, म्हणजे टेराफॉर्म काय काय बदलणार त्याची यादी, काढायला सांगितलात. टेराफॉर्मचं उत्तर, काहीही बदल नाही, कोड आणि क्लाउड तंतोतंत जुळतात. आम्ही अजूनच खचलो. तुम्ही मात्र म्हणालात, "जुळतात ना? मग चूक दोन्हीकडे सारखीच आहे. फायरवॉलचा नियम वाच बरं." त्याने वाचला. आत यायला परवानगी फक्त आमच्या ऑफिसच्या आयपी पत्त्याला. "आणि गूगलचे दोन रेंज कुठे गेले?"

रेंज म्हणजे आयपी पत्त्यांचे पट्टे: १३०.२११.०.०/२२ आणि ३५.१९१.०.०/१६. लोड बॅलन्सरची हेल्थ चेक, म्हणजे मशीन धड आहे ना ही विचारणा, याच दोन रेंजमधून मशीनपर्यंत येते आणि लोकांच्या रिक्वेस्टही तिथूनच. स्पष्ट परवानगी नसेल तर बाहेरून येणारं सगळं बंद, हा गूगल क्लाउडचा मूळ कायदा. त्या मंडळींनी उभारणीच्या वेळी हे दोन रेंज कन्सोलमध्ये, म्हणजे गूगल क्लाउडच्या वेब पानावर, जाऊन हाताने घातले होते, कोडमध्ये लिहिलेच नव्हते. आदल्या रात्री मशीन वाढवताना त्यांनीच ऑटो-अप्रूव्ह लावून, म्हणजे 'यस' विचारायची पायरी गाळून, अप्लाय मारला, आणि टेराफॉर्मने इमानेइतबारे नियम कोडात होता तसा करून टाकला. मोठी मशीन घेतली असती तर तीही अनहेल्दीच दिसली असती!

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते सांगतो. कोडमध्ये दोन रेंज घातल्यावर नवा प्लॅन आला. मुलगा 'यस' टाइप करायला निघाला तेव्हा तुम्ही त्याला थांबवलंत आणि सगळ्यात खालची ओळ, किती गोष्टी वाढणार, बदलणार आणि पुसल्या जाणार याचा हिशेब, मोठ्याने वाचायला लावलीत. "ॲड शून्य, चेंज एक, डिस्ट्रॉय शून्य." "शेवटचं परत वाच." "डिस्ट्रॉय शून्य." "हां. आता तूच लिही." फोन खणखणत होते, मी मागे येरझाऱ्या घालत होतो, आणि तुम्ही त्या पोराला स्वतःच्या डोळ्यांनी खात्री करून घ्यायला वेळ दिलात. त्याचा आवाज दुसऱ्यांदा वाचताना सरळ झाला. हेल्थ चेक दर ५ सेकंदांची होती, त्यामुळे बॅकएंड हिरवे व्हायला फार वेळ लागला नाही. पण आमच्या ऑफिसातली घबराट त्याआधीच उतरली होती.

या धंद्यात माहितगार माणसं पुष्कळ भेटतात. बऱ्याच जणांना आपल्याला येतं यापेक्षा समोरच्याला येत नाही याचाच आनंद जास्त. तुम्ही त्या मुलाला एकदाही "एवढंही माहीत नाही?" असं म्हणाला नाहीत. त्या मंडळींबद्दलही वाईट शब्द नाही. ऑडिट लॉगमध्ये कोणी कधी काय बदललं ते ४०० दिवस राहतं, हे तुम्हीच सांगितलंत आणि लगेच म्हणालात, "आत्ता ते उकरू नका, आधी बिलं काढा." (बिलं निघाल्यावर मी उकरलं. तेवढा मोठेपणा माझ्यात नाही.)

जाता जाता त्या नियमाच्या डिस्क्रिप्शनमध्ये हे दोन रेंज कशासाठी आहेत ते साध्या शब्दांत लिहायला लावलंत, तेही त्याच मुलाकडून. आता कन्सोलवर बदल करायचा अधिकार आम्ही सगळ्यांचाच काढून घेतलाय, माझाही. थोडं जड जातंय.

एक तक्रार मात्र आहे. तुमचं बिल अजून आलेलं नाही. "अर्ध्या तासाचं काय बिल लावायचं," हे उत्तर आमच्या हिशेबनिसाला मान्य नाही, मलाही नाही. कृपया पाठवावं.

आपला,
दूध संस्थांचा एक हिशेबवाला