जुना लॅपटॉप विकण्याआधी डिस्क कशी पुसावी

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाले. त्यामुळे विंडोज ११ न चालणारे लॅपटॉप आता घराघरांतून आणि ऑफिसांतून बाहेर पडणार. कोणी विकेल, कोणी एक्स्चेंजमध्ये देईल, कोणी गावाकडच्या पुतण्याला देऊन टाकेल. नवी पेठेतल्या दुकानात काय किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात काय, अशा वेळी सांगणे एकच असते: "फॉरमॅट मारून द्या." तासाभरात मशीन परत मिळते, विंडोज कोरे दिसते आणि मालक निर्धास्त होतो. पॅन कार्डाचे स्कॅन, बँकेची स्टेटमेंट, जीएसटीच्या फाइली आणि लग्नाचे फोटो मात्र बहुतेक वेळा डिस्कवर तसेच असतात.

विंडोजच्या सेटअपमधले 'फॉरमॅट' बटण क्विक फॉरमॅट करते. त्यात फाइलींची यादी नव्याने मांडली जाते, फाइलींना कोणी हात लावत नाही. सातबाऱ्यावरचे नाव कमी केले म्हणून शेतातला ऊस आपोआप तोडला जात नाही, तसेच हे. नवे विंडोज साधारण २० ते ३० जीबी जागेवर लिहिले जाते. ५०० जीबीच्या हार्ड डिस्कवर उरलेल्या जागेतले जुने बाइट्स तसेच राहतात आणि फोटोरेक किंवा रेकुव्हा यांसारखे फुकट सॉफ्टवेअर ते उचलून देते. आपल्याकडे आणखी एक खोड आहे. सी ड्राइव्ह फॉरमॅट करायचा आणि डी, ई 'राहू द्या, त्यात डेटा आहे' म्हणायचे. मशीन स्वतःकडे ठेवायचे असेल तर ठीक. विकताना तोच डी ड्राइव्ह उघडाच्या उघडा नव्या मालकाच्या हाती जातो.

पुसण्याआधी काय काढून घ्यायचे, यावर बहुतेकांचा विचार डेस्कटॉप आणि डाउनलोड्सपाशी संपतो. टॅलीप्राइम या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा सहसा सी ड्राइव्हमध्ये यूजर्स, पब्लिक, टॅलीप्राइम, डेटा या वाटेवर असतो आणि कंपन्यांची फोल्डर नुसत्या आकड्यांच्या नावांची असतात, म्हणून नजरेतून सुटतात. टॅलीचे लायसन्सही त्या मशीनला जोडलेले असते. ते आधी हेल्पच्या सेटिंग्जमध्ये जाऊन सरेंडर करावे, नाहीतर नव्या मशीनवर सुरू करताना अडते. छपाईवाल्यांनी आणि डीटीपीवाल्यांनी श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टची प्रत विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून जरूर घ्यावी. तो फॉन्ट गेला की दहा वर्षांच्या पत्रिका आणि हँडबिले उघडतात, पण अक्षरे अगम्य दिसतात. आउटलुक वापरत असाल तर पीएसटी फाइल (जुने मेल तिच्यातच असतात), क्रोममध्ये साठवलेले पासवर्ड आणि ऑफिस ज्या ईमेलला जोडले आहे तो पत्ता नोंदवून ठेवा. व्हॉट्सअॅपचे 'लिंक्ड डिव्हाइस' मोबाइलवरून काढून टाका. डिजिटल सहीचा यूएसबी टोकन मात्र वेगळा असतो. सहीचे प्रमाणपत्र त्या टोकनमध्येच असल्यामुळे फॉरमॅटने ते जात नाही, फक्त ड्रायव्हर पुन्हा टाकावा लागतो. बॅकअप घेतला की त्यातल्या चार-पाच फाइली दुसऱ्या मशीनवर उघडून पाहाव्यात आणि मगच पुढे जावे. कॉपी झाली आणि फाइल उघडली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता डिस्क कोणती आहे ते पाहा. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर डिस्कच्या नावाखाली एचडीडी (फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क) की एसएसडी (चिपवर साठवणारी डिस्क) ते लिहिलेले असते. काही लॅपटॉपमध्ये दोन्ही असतात: विंडोज एसएसडीवर आणि डेटा १ टीबीच्या हार्ड डिस्कवर. दोन्हींची पुसण्याची रीत वेगळी आहे, आणि नेमकी इथेच सर्वाधिक गल्लत होते.

फिरत्या हार्ड डिस्कसाठी विंडोजच्या इन्स्टॉल पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करावे. पहिल्या पडद्यावर शिफ्ट आणि एफ१० दाबले की काळी खिडकी उघडते (काही लॅपटॉपवर सोबत एफएन दाबावे लागते). तिथे इंग्रजी अक्षरांत डिस्कपार्ट, मग लिस्ट डिस्क टाइप करावे. यादीत पेनड्राइव्हही दिसतो, म्हणून क्रमांकावर विसंबू नये, आकार पाहून ओळखावे आणि बाहेरची बॅकअप डिस्क आधीच काढून ठेवावी. योग्य डिस्क सिलेक्ट केली की दोन आज्ञा असतात. नुसती 'क्लीन' फक्त पार्टिशनची (सी, डी अशा भागांची) नोंद काढते आणि दोन सेकंदांत संपते. 'क्लीन ऑल' प्रत्येक सेक्टरवर, म्हणजे डिस्कच्या प्रत्येक बारीक कप्प्यावर, शून्य लिहिते. आपल्याला दुसरी हवी. लॅपटॉपची डिस्क सेकंदाला सरासरी ८० ते १०० एमबी लिहिते असे धरले तर १ टीबीला तीन-साडेतीन तास लागतात, ५०० जीबीला त्याच्या निम्मे. या आज्ञेत किती काम झाले ते दाखवणारी पट्टी नसते. कर्सर नुसता लुकलुकतो, माणसाला वाटते मशीन अडकले, आणि पॉवर बटण दाबून अर्ध्यावर बंद केले जाते. तसे करू नका. चार्जर लावून ठेवा. वीज गेली आणि बॅटरीही मेलेली असली तर डिस्क बिघडत नाही, आज्ञा पहिल्यापासून द्यावी लागते इतकेच. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत हे काम शक्यतो रात्री आणि टेबलावर करावे. गादीवर किंवा चादरीवर ठेवले की, ती चादर अस्सल सोलापुरी असली तरी, खालच्या जाळ्या झाकल्या जातात आणि तीन तास सतत लिहिणारी डिस्क तापते.

सात वेळा किंवा पस्तीस वेळा पुसून देतो म्हणणाऱ्यांना जादा पैसे देण्याचे कारण नाही. पस्तीस फेऱ्यांची कल्पना पीटर गटमन यांच्या १९९६ च्या निबंधातली, त्या काळच्या डिस्कसाठीची आहे. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेच्या २०१४ च्या मार्गदर्शिकेनुसार चुंबकीय डिस्कवर एकदा पुनर्लेखन सहसा पुरेसे ठरते.

एसएसडीला हा उपाय पुरा पडत नाही. तिच्यातला कंट्रोलर झीज सारखी वाटण्यासाठी प्रत्येक वेळी वेगळ्या पेशींवर लिहितो आणि काही जागा राखीव ठेवतो. बाहेरून शून्ये लिहिली तरी त्या राखीव जागेपर्यंत पोहोचता येत नाही. काढलेल्या फाइलींची जागा आपोआप रिकामी करणाऱ्या ट्रिम सुविधेमुळे क्विक फॉरमॅटनंतरही एसएसडीवरचा डेटा नेहमीच्या सॉफ्टवेअरला बहुधा सापडत नाही हे खरे, पण 'बहुधा' या शब्दावर हिशेबाच्या वह्या सोडू नयेत. एसएसडीला तिचीच आज्ञा द्यावी. एसएसडी जोडणीनुसार दोन प्रकारच्या असतात: साटा असेल तर सिक्योर इरेज, एनव्हीएमई असेल तर फॉरमॅट किंवा सॅनिटाइझ. अनेक डेल, एचपी आणि थिंकपॅड बिझनेस मॉडेलांच्या बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मशीनच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) ही सोय असते. नसेल तर सॅमसंग, वेस्टर्न डिजिटल, क्रुशल, किंग्स्टन यांची स्वतःची सॉफ्टवेअर आहेत. काम काही सेकंदांत किंवा मिनिटांत होते. लिनक्सवरून (विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट प्रणालीवरून) करताना साटा डिस्क 'फ्रोझन', म्हणजे आज्ञा न घेणारी, दिसली तर लॅपटॉप एकदा स्लीपमध्ये टाकून उठवावा, बहुतेक वेळा अडसर निघतो. सिक्योर इरेजसाठी तात्पुरता पासवर्ड द्यावा लागतो, तो साधा ठेवून कागदावर लिहावा. मध्येच वीज गेली तर डिस्क त्या पासवर्डने कुलूपबंद राहते. यूएसबी केसमध्ये डिस्क घालून ही आज्ञा देऊ नये, बरेच अडॅप्टर ती नीट पुढे पाठवत नाहीत.

हार्ड डिस्कसाठी पेनड्राइव्हची भानगड नको असेल तर विंडोजमधलेच 'रीसेट धिस पीसी' चालेल, पण दोन खुणा बदलल्या तरच. 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडल्यावर 'चेंज सेटिंग्ज'मध्ये जाऊन 'क्लीन डेटा' चालू करावे आणि सर्व ड्राइव्हवरच्या फाइली काढण्याचा पर्यायही चालू करावा. दोन्ही मुळात बंद असतात. ते न बदलता रीसेट केले तर पुसणे वरवरचे होते आणि डी ड्राइव्ह शाबूत राहतो. तिथेच 'क्लाउड डाउनलोड', म्हणजे विंडोज इंटरनेटवरून उतरवायचे का, हे विचारले जाते. त्याला ४ जीबी किंवा त्याहून जास्त डेटा लागतो, पण मशीनवरच्या विंडोजच्या फाइली खराब असतील तर तोच मार्ग बरा.

पुसले गेले की नाही हे तपासण्याची वेळ विंडोज पुन्हा टाकण्याच्या आधीची. डिस्क दुसऱ्या मशीनला जोडून फोटोरेक चालवावे, एकही फाइल निघता कामा नये. नंतर तपासले तर विंडोजची स्वतःची चित्रे आणि आयकॉन सापडतात आणि उगाच घोळ होतो.

पुन्हा विंडोज टाकताना मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह तयार करावा. बूट मेनूसाठी डेल आणि लेनोव्होत एफ१२, एचपीत एफ९, आसुसमध्ये एस्केप. एसरमध्ये एफ१२ आधी बायोसमध्ये चालू करावे लागते. विंडोज ८ किंवा त्यानंतरचे विंडोज घालूनच आलेल्या लॅपटॉपची प्रॉडक्ट की मदरबोर्डवरच्या फर्मवेअरमध्ये असते, म्हणून की शोधत बसू नये. आवृत्ती मात्र तीच हवी. आपल्याकडे विकले गेलेले बरेच लॅपटॉप 'होम सिंगल लँग्वेज'चे असतात. त्यावर हौसेने 'प्रो' टाकले की अॅक्टिव्हेट होत नाही, मग डिफेंडर (विंडोजचा अँटिव्हायरस) बंद करून क्रॅक (लायसन्स चुकवणारा प्रोग्राम) चालवला जातो. पैसे भरून घेतलेले अस्सल लायसन्स मदरबोर्डवर पडून आणि वर चोरीचे विंडोज! तपासायचे असेल तर रन खिडकीत इंग्रजीत एसएलएमजीआर, जागा सोडून तिरकी रेघ आणि एक्सपीआर टाइप करावे. घरच्या लॅपटॉपवर सुमारे १८० दिवसांत संपणारी तारीख दिसली तर समजावे काय झाले आहे.

इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपवर सेटअपला डिस्कच दिसत नाही. डिस्क मेली असे सांगून नवी माथी मारण्याआधी इंटेलचा आरएसटी व्हीएमडी ड्रायव्हर (सेटअपला डिस्क दाखवणारा) पेनड्राइव्हवर घेऊन 'लोड ड्रायव्हर'मधून द्यावा. 'एमबीआर पार्टिशन टेबल' अशी तक्रार आली तर मशीन यूईएफआय या नव्या पद्धतीने सुरू झाले आहे आणि डिस्कची मांडणी जुनी (एमबीआर) आहे. डिस्क पुसलेलीच असल्याने ती जीपीटी या नव्या मांडणीत बदलायला हरकत नसते. विंडोज ११ होमचा सेटअप इंटरनेट मागतो आणि नेमका तेव्हाच वायफायचा ड्रायव्हर नसतो. मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू केले की काम भागते. बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असलेल्या मशीनवर बॅकअप घेण्याआधी बायोसला हात लावू नये. बायोसमधला सिक्योर बूट हा पर्याय बदलला तरी ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ती सहसा मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते, खाते कोणाच्या ईमेलवर आहे हेच आठवत नसेल तर डेटा गेला.

मोजके अपवाद सोडले तर सातव्या पिढीच्या किंवा त्याआधीच्या इंटेल मशीनवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. विंडोज १० चे वाढीव अपडेट घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहेत. अभ्यासासाठी द्यायच्या ४ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती टाकावी हे माझे स्पष्ट मत. त्यात लिब्रेऑफिस (वर्ड-एक्सेलसारखे फुकट सॉफ्टवेअर) येते आणि इन्स्क्रिप्ट कीबोर्डने मराठीही टाइप होते.

खरे तर जुन्या, २.५ इंची हार्ड डिस्कच्या लॅपटॉपसाठी सर्वात सोपा मार्ग वेगळाच आहे. जुनी डिस्क काढून स्वतःकडे ठेवावी आणि २४० किंवा २५६ जीबीची साटा एसएसडी बसवून मशीन विकावे. चार स्क्रू, एक ब्रॅकेट, एक कनेक्टर. मशीनचा वेग वाढल्याने भावही बरा येतो. डिस्कच खराब असेल, म्हणजे डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये रीअलोकेटेड किंवा पेंडिंग (बिघडलेल्या किंवा बिघडू लागलेल्या) सेक्टरचे आकडे वाढत असतील, तर पुसण्यावर भरवसा नको, ती फोडावी. लॅपटॉपच्या डिस्कची तबकडी बहुधा काचेची असते, म्हणून डोळ्यांना चष्मा आणि डिस्क जाड पिशवीत. एसएसडीची प्रत्येक काळी चिप तुटली पाहिजे. तुकडे भंगारात न टाकता २०२२ च्या ई-कचरा नियमांखाली नोंदणी असलेल्या पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडे द्यावेत.

शेवटचा मुद्दा पतसंस्था, दवाखाने, शाळा आणि कर सल्लागारांच्या ऑफिसांसाठी. जुने संगणक निर्लेखित करून (मालमत्तेच्या नोंदीतून कमी करून) लॉटने लिलावात काढताना यादीत मॉनिटर, कीबोर्ड, माऊस मोजले जातात, डिस्कचा उल्लेख नसतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी खबरदारी न घेतल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे आणि लोकांची माहिती त्या डिस्कवरच असते. निर्लेखनाच्या ठरावात प्रत्येक डिस्कचा सिरियल नंबर, पुसण्याची पद्धत, तारीख आणि तपासणाऱ्याची सही असे चार रकाने घालावेत. दुकानदारांनीही पावतीवर नुसते 'फॉरमॅट' न लिहिता क्विक, क्लीन ऑल की सिक्योर इरेज ते लिहावे आणि ग्राहकांनी तसे लिहून मागावे. क्लीन ऑलला तीन तास लागतात, त्याची मजुरी वेगळी पडली तर ती रास्तच आहे.

आपला,
संगणक दुरुस्ती व्यवसायातील एक वाचक,
सोलापूर