बोआव्हिश्ताला अर्धेच वाक्य?

महोदय,

पोर्तुगालच्या अव्वल फुटबॉल लीगच्या 2024-25 हंगामाचा आढावा काल आपल्या क्रीडा पानावर वाचला. मराठीत या लीगविषयी कोणी सविस्तर लिहिते याचे अप्रूप आहेच, म्हणून लेखकाचे आधी आभार मानतो आणि मग भांडतो.

स्पोर्टिंगचे विजेतेपद 'अपेक्षेप्रमाणे' झाल्याचे लेखक म्हणतात. पहिले अकराच्या अकरा सामने जिंकून देऊन प्रशिक्षक रुबेन अमोरिम नोव्हेंबरात मँचेस्टर युनायटेडला गेले, त्यांच्या जागी आलेल्या जोआव परेरा यांना जेमतेम नाताळपर्यंत टिकता आले आणि रुई बोर्जेस यांनी सूत्रे हाती घेतल्यावरही अखेरच्या दिवसाच्या सुरुवातीला स्पोर्टिंग व बेन्फिका यांचे गुण समसमान, म्हणजे 79, होते. बेन्फिकाला त्या दिवशी ब्रागाने 1-1 असे रोखले, हे लेखकच पुढच्या परिच्छेदात सांगतात. इतकी धाकधूक ज्यांना अपेक्षित होती, त्यांच्या द्रष्टेपणाला माझा नमस्कार.

तथापि माझे खरे दुखणे वेगळे आहे. स्पोर्टिंगच्या ग्योकेरेसच्या 39 गोलांना दोन स्तंभ देणाऱ्या या आढाव्यात बोआव्हिश्ता या क्लबाच्या वाट्याला आलेली जागा अशी: 'फारेन्स व बोआव्हिश्ता यांची घसरण झाली.' घसरण म्हणजे अव्वल लीगमधून खाली जाणे. त्यातही फारेन्सचे नाव आधी, म्हणजे बोआव्हिश्ताला वाक्यही अर्धेच. 1934-35 पासून चाललेल्या या लीगमध्ये बेन्फिका, पोर्तो आणि स्पोर्टिंग यांच्याखेरीज विजेतेपद मिळाले ते केवळ दोन क्लबांना, 1946 मध्ये बेलेनेन्सिसला आणि 2001 मध्ये बोआव्हिश्ताला. प्रशिक्षक जैमे पाशेको यांच्या त्या संघाने आपल्याच शहरातल्या बलाढ्य पोर्तोला एका गुणाने मागे टाकले होते. दोन वर्षांनी युरोपातील क्लबांच्या युएफा चषकाच्या उपांत्य फेरीत स्कॉटलंडच्या सेल्टिकच्या लार्सनने शेवटच्या दहा-बारा मिनिटांत गोल केला नसता, तर सेव्हिल शहरातला अंतिम सामना पोर्तो शहरातल्याच दोन क्लबांमध्ये रंगला असता. तोच क्लब कर्जापायी नव्या खेळाडूंची नोंदणी करण्यास मनाई झालेल्या अवस्थेत हंगामात उतरला, हिवाळ्यात ती मनाई सैल झाल्यावर करार संपलेले नामवंत मिळतील तसे गोळा करीत राहिला आणि तरीही तळालाच राहिला. आढाव्यात लिहिण्यासारखे यापेक्षा अधिक काय असते?

पोर्तोत नोकरीस असलेल्या माझ्या मावसभावाने 2001 मध्ये मला त्या क्लबची काळ्या-पांढऱ्या चौकड्यांची जर्सी पाठवली होती. ती घालून फोंड्याच्या बाजारात गेलो की आमची नेहमीची मासळीवाली, 'सर, आज बुद्धिबळ खेळपाक गेल्ले?' असे हसत विचारी. धुऊन धुऊन जर्सीचे काळे चौकोन आता करडे पडले आहेत आणि कॉलर विरली आहे, पण ती टाकून देण्याचा विषय मी घरात कोणाला काढू देत नाही. काल आपला आढावा वाचून माझ्या पुतण्याने त्या जर्सीकडे पाहत विचारले, 'काका, हा काही गावपातळीवरचा क्लब होता का हो?' मी त्याला बोललो नाही. त्याने जे वाचले त्यावरून त्याचा दुसरा समज होणे शक्यच नव्हते.

देंपो, साळगावकर आणि लिस्बनच्या स्पोर्टिंगवरून नाव घेतलेला आमचा स्पोर्टिंग क्लब द गोवा हे तिन्ही संघ 2016 मध्ये आय-लीग या राष्ट्रीय फुटबॉल लीगमधून बाहेर पडले, तेव्हा मातब्बर क्लब मैदानावरून नाहीसा होणे म्हणजे काय, हे गोव्याने अनुभवले आहे. निदान आपल्या गोवा आवृत्तीच्या वाचकांना ही बातमी अर्ध्या वाक्यात उरकणे शोभत नाही.

जागेची अडचण असल्याचे कृपया सांगू नये. 17 मे रोजी, म्हणजे स्पोर्टिंगने लीग जिंकली त्याच रात्री, बंगळूरुचा आयपीएल सामना एकही चेंडू न टाकता पावसामुळे रद्द झाला. त्या न झालेल्या सामन्याला आपण छायाचित्रासह अर्धे पान दिले होते, आणि छायाचित्रात मैदानावरचे आच्छादन तेवढे दिसत होते.

आपला,
एक जुना वर्गणीदार, फोंडा