प्रत्येक लोंबती हनुवटी म्हणजे चरबी नव्हे

महोदय,

माझ्या धाकट्या बहिणीची हनुवटी पुढे आणण्याची शस्त्रक्रिया काही वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरातील खासगी रुग्णालयात झाली. सूज उतरल्यावर मात्र हनुवटीचे मांस हाडावरून खाली घसरल्यासारखे दिसू लागले. ती हसली की ते अधिकच लोंबे. ओठ मिटायला जोर लावावा लागे आणि त्या जोराने हनुवटीच्या कातडीवर बारीक खळगे उठत. कळण्याच्या भाकरीबरोबर ताक घेतले की ओठाच्या कडेने थेंब ओघळे. पुढे तिने पंगतीत बसणेच सोडले.

दोन ठिकाणी तिला ‘ही चरबी आहे, काढून टाकू’ असे सांगण्यात आले. तिसऱ्या ठिकाणी, जबड्याच्या शल्यचिकित्सकांनी, तिला आधी शांत बसवून आणि मग हसायला लावून बाजूने पाहिले, ओठ सैल असताना खालचे दात किती दिसतात ते तपासले, लोंबणारे मांस बोटाने वर उचलून धरले आणि बाजूचा एक्स-रे काढून हाड जागेवर असल्याची खात्री केली. मेंटॅलिस हा स्नायू हनुवटीचे मांस व खालचा ओठ वर धरून ठेवतो. तोंडाच्या आतून छेद घेताना तो हाडापासून सुटतो. तो पुन्हा नीट शिवला नाही, तर हनुवटी खाली येते. मग चरबी काढून काय साधणार?

बहिणीच्या हाडाला बारीक छिद्रे पाडून, त्यांतून टाके घेऊन स्नायू वर बांधण्यात आला. कातडी व मांस जास्तच असेल तर हनुवटीखालच्या घडीतून छेद घेऊन तेही कमी करतात, पण तिला ती गरज पडली नाही. ओठाला काही काळ बधिरपणा येऊ शकतो, हे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते. आता ती ओठ सहज मिटते.

आपल्या खान्देशात दात पडलेल्या वृद्धांच्या जबड्याचे हाड झिजूनही अशी हनुवटी लोंबते, आणि घरचे ‘वय झाले’ म्हणून सोडून देतात. आपल्या आरोग्य पुरवणीत या विषयावर एखाद्या मुख व जबडा शल्यचिकित्सकांकडून सविस्तर लिहून घ्यावे, ही विनंती. ज्यांची हनुवटीची शस्त्रक्रिया ठरली आहे, त्यांनी ‘स्नायू परत हाडाला कसा बांधणार?’ हा प्रश्न संमतीपत्रावर सही करण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावा. आम्ही तो विचारला नव्हता.

आपली,
एक वाचक, अमळनेर (जि. जळगाव)