पहाटेच्या लेखनाची तयारी रात्रीच

महोदय,

नवे वर्ष लागले की पुरवण्यांतून ‘पहाटे पाचला उठा’ छापाची वेळापत्रके येऊ लागतात. कोमट पाणी, ध्यान, सूर्यनमस्कार, वाचन आणि सगळ्यात शेवटी रोजनिशी. या क्रमातच गोची आहे. उठायला अर्धा तास उशीर झाला की शेवटचे काम गळते, म्हणजे रोज लेखनच गळते. ज्याला लिहायचे आहे त्याने चूळ भरून थेट वही उघडावी. सूर्यनमस्कार नंतरही घालता येतात.

साडेपाचला उठायचे तर रात्री साडेदहाला पाठ टेकलेली हवी, तेव्हा कुठे सात तास भरतात. एरवी साडेसहाला उठणाऱ्याने एकदम तासभर अलीकडे येऊ नये. दर चार दिवसांनी पंधरा मिनिटे, आणि तीही झोपण्याच्या व उठण्याच्या दोन्ही वेळांत. सोळा दिवसांत तास निघतो. रविवारी नऊपर्यंत लोळले की सोमवारचे उठणे पुन्हा जड जाते. गजर साध्या घड्याळाचा लावावा आणि मोबाइल बाहेरच्या खोलीत चार्जिंगला ठेवावा. मोबाइलचा गजर बंद करताना रात्री आलेले निरोप दिसतात आणि पहिली वीस मिनिटे तिथेच जातात.

तारखा छापलेली जाड डायरी घेऊ नये. चार दिवस चुकले की चार कोरी पाने डोळ्यांवर येतात आणि डायरी कपाटात जाते. साधी दोनशे पानी लांब वही घ्यावी, तारीख आपण टाकावी. ओळीत सात-आठ शब्द आणि पानावर पंचवीसेक ओळी धरल्या तर पावणेदोनशे ते दोनशे शब्द होतात. हाताने लिहायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात. रोज एक पान, एवढे पुरे.

काय लिहायचे ते सकाळी शोधू नये. रात्री झोपताना पानाच्या डोक्यावर एक ओळ लिहून ठेवावी, तीही नेमकी. ‘बालपण’ असे लिहिले तर सकाळी काही सुचत नाही. ‘आजोळी उतरंड कुठल्या कोपऱ्यात होती’ असे लिहिले तर हात चालतो. जाग आल्यावरही पहिली पंधरा-वीस मिनिटे डोके जड असते, म्हणून कालच्या शेवटच्या दोन ओळी तशाच उतरवून सुरुवात करावी. त्या सुधारत बसले की सकाळ संपलीच. खाडाखोड संध्याकाळी.

स्वतःत बदल घडावा म्हणून लिहिणाऱ्यांची वही बहुधा त्याच त्या तक्रारींनी भरते. आठवड्यातून एकदा मागची सात पाने वाचावीत, तीनदा आलेल्या तक्रारीखाली लाल रेघ मारावी आणि शेजारी करायची एकच कृती तारखेसह लिहावी. हे केले नाही तर सहा महिन्यांनी हातात फक्त रडगाणे उरते.

एकवीस दिवसांत सवय लागते, या समजावर विसंबू नये. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील फिलिपा लॅली व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये छापलेल्या ९६ जणांच्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला १८ पासून २५४ दिवसांपर्यंतचे अंदाज निघाले, मध्यक ६६, म्हणजे निम्म्यांना याहून कमी आणि निम्म्यांना याहून जास्त दिवस. एखादा दिवस हुकल्याने विशेष फरक पडला नाही, हेही त्यात दिसले. गणपतीत, लग्नघाईत तीन ओळी लिहून वही मिटावी.

अँथनी ट्रोलप हा इंग्रज कादंबरीकार टपाल खात्यातली नोकरी सांभाळून पहाटे साडेपाचला लिहायला बसे. घड्याळ समोर ठेवून दर पाव तासाला २५० शब्द. पण त्याला वेळेवर उठवायला पगारी नोकर होता! आपल्याकडे अनेक घरांत ती वेळ नळाच्या पाण्याची आणि डब्यांची असते, आणि बहुधा बाईच्याच वाट्याची. तेवढी वीस मिनिटे पाणी कोण भरणार, हे रात्रीच ठरवायला हवे. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवण्याचा निर्णय शासनाने २०२४ मध्ये घेतला. तो पाळणाऱ्या शाळांतील लहान मुलांच्या घरी ही वीस मिनिटे थोडी सोपी झाली आहेत.

रात्रपाळीच्या परिचारिका, कामगार यांनी पहाटेचा हट्ट धरूच नये. पाळीवरून आल्यावर डोळे मिटत असताना लिहिण्यापेक्षा झोपून दुपारी दोनला उठल्यावरचा पहिला अर्धा तास घ्यावा. त्यांची सकाळ तीच.

– एक वाचक, डोंबिवली